मण्यांचे दागिने घरी करताना: आधी भोक पाहावे, मग दोरा निवडावा

मण्यांची माळ तुटते तेव्हा मणी क्वचितच फुटलेला असतो. तुटलेला असतो तो दोरा, नाहीतर सुटलेली असते ती टोकाची गाठ. तरीही नव्याने शिकणारी बहुतेक माणसे सारा वेळ मणी निवडण्यात घालवतात आणि दोरा मात्र हाताला लागेल तो घेतात. मणी आवडीने निवडावेत, त्यातच या छंदाचा अर्धा आनंद आहे. पण निवडताना रंगाइतकेच मण्याच्या भोकाकडेही पाहावे, कारण कोणता दोरा वापरायचा, तो एकेरी ओवायचा की दुहेरी आणि टोके कशी बंद करायची, हे सगळे त्या भोकावर ठरते.

गोल मण्यांचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात. बारीक काचमणी मात्र क्रमांकाने ओळखले जातात आणि तिथे आकडा जितका मोठा तितका मणी लहान असतो: 6 क्रमांकाचा मणी साधारण 4 मिलिमीटरचा, 8 क्रमांकाचा 3 मिलिमीटरचा, 11 क्रमांकाचा सुमारे 2 मिलिमीटरचा आणि 15 क्रमांकाचा त्याहूनही बारीक. पहिल्या कामासाठी 6 किंवा 8 मिलिमीटरचे गोल काचमणी घ्यावेत. ते बोटांत नीट धरता येतात आणि त्यांची भोके सहसा पुरेशी मोठी असतात. मोत्यांची भोके बरीच अरुंद असतात, म्हणून मोती सुरुवातीलाच हाती घेऊ नयेत. प्रत्येक मण्याच्या भोकाच्या कडेवरून दाभणाचे टोक हलकेच फिरवून पाहावे. कड खरखरीत किंवा धारदार लागली, तर तो मणी बाजूला ठेवावा. नळीसारखे लांब काचमणी आणि काही धातूचे मणी या बाबतीत विशेष त्रास देतात, कारण त्यांची धार दोरा हळूहळू कापत राहते. गडद रंगाचे मणी ओलसर पांढऱ्या कापडावर चोळून रंग जातो का, हेही आधीच पाहून घ्यावे.

आता दोऱ्याकडे येऊ. एकेरी सराच्या माळेसाठी नायलॉनचे आवरण असलेली पोलादी तार, म्हणजे बीडिंग वायर, सर्वांत भरवशाची ठरते. ही तार एकसंध नसते. तिच्यात 7, 19 किंवा 49 बारीक तारांचा पीळ असतो आणि तारांची संख्या जितकी जास्त तितकी माळ मऊ पडते, अंगावर सहज वळते. साधारण 0.38 मिलिमीटर जाडीची 19 तारांची वायर बहुतेक काचमण्यांना चालते. मोत्यांसाठी रेशीम किंवा पिळाचा नायलॉन दोरा घ्यावा, बारीक काचमण्यांच्या विणीसाठी खास मण्यांच्या कामाचा नायलॉन दोरा घ्यावा, आणि इलास्टिक फक्त मनगटाच्या दागिन्यांसाठी राखून ठेवावे. मासेमारीच्या एकतारी नायलॉनचा मोह अनेकांना होतो, कारण तो सुईशिवाय ओवता येतो. माझ्या मते तो टाळावा; तो गुंडाळीचा आकार सोडत नाही, वजनाने ताणला जातो आणि कालांतराने उन्हाने ठिसूळ होतो.

अवजारे थोडीच लागतात. गोल निमुळत्या टोकांची पक्कड कड्या वळवण्यासाठी, चपट्या टोकांची पक्कड धरण्यासाठी आणि तार कापायची पक्कड, एवढ्या तिघांवर बरेच काम होते. त्यात क्रिंप मणी, म्हणजे टोके बंद करणारी मऊ धातूची आखूड नळी, दाबायची खास पक्कड जोडली तर टोके सुबक बंद होतात. घरातली शिवणकामाची कात्री तारेसाठी कधीही वापरू नये. टेबलावर फिक्या रंगाचे, जरा लव असलेले कापड अंथरावे, म्हणजे मणी घरंगळत नाहीत आणि भोकेही स्पष्ट दिसतात. उजेड चांगला असावा, कारण अंधूक उजेडात ओढलेल्या गाठी दुसऱ्या दिवशी सहसा उसवाव्या लागतात.

पहिली माळ ओवण्यापूर्वी लांबी ठरवावी. 35 ते 40 सेंटिमीटरची माळ गळ्यालगत बसते, 43 ते 48 सेंटिमीटरची गळपट्टीच्या हाडाजवळ, 50 ते 60 सेंटिमीटरची छातीच्या वरच्या भागावर, आणि 70 ते 90 सेंटिमीटरची माळ दुहेरी करूनही घालता येते. समजा 45 सेंटिमीटरची माळ करायची आहे. त्यातले अडीच सेंटिमीटर हूक आणि कडी घेतात. उरलेल्या साडेबेचाळीस सेंटिमीटरसाठी 8 मिलिमीटरचे सुमारे 53 मणी लागतात. सगळे मणी आधी कापडावर मांडावेत, आणि मांडणी मधल्या मण्यापासून दोन्ही बाजूंना करत जावी, म्हणजे दोन्ही अंगे सारखी उतरतात. मांडलेला क्रम डोळ्यांना पटेपर्यंत वायर कापू नये. वायर माळेपेक्षा 15 सेंटिमीटरने जास्त घ्यावी आणि एका टोकाला चिकटपट्टीचा तुकडा दुमडून लावावा, म्हणजे ओवताना मणी निसटत नाहीत.

टोके बंद करण्याचे काम सावकाश करावे, कारण माळेचे आयुष्य इथेच ठरते. मणी ओवून झाले की मोकळ्या टोकावर आधी क्रिंप मणी आणि मग हूक ओवावा. त्यानंतर वायरचे टोक परत फिरवून त्याच क्रिंप मण्यातून आणि पुढच्या दोन-तीन सेंटिमीटर मण्यांमधून उलट दिशेने न्यावे. हुकाभोवती वायरचा लहानसा फास राहू द्यावा. तो अगदी घट्ट ओढला तर हूक हलत नाही आणि त्याच जागी वायर झिजते. क्रिंप मण्यातील दोन्ही वायर एकमेकींवर चढलेल्या नसून शेजारी शेजारी आहेत, याची खात्री करावी. क्रिंपच्या पकडीत दोन खाचा असतात. मुठीकडच्या खाचेत मणी प्रथम दाबावा, म्हणजे मध्ये दबून त्याचे दोन कप्पे होतात आणि प्रत्येक कप्प्यात एक वायर बसते. नंतर मणी पाव वळसा फिरवून टोकाकडच्या गोल खाचेत दाबावा, म्हणजे तो दुमडून लहान गोल मणी होतो. आता हूक एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जरा जोराने ओढून पाहावे. वायर सरकली, तर तो क्रिंप मणी कापून पुन्हा नवा लावावा. अर्धवट दबलेल्या मण्याला पुन्हा पुन्हा दाबून तो घट्ट होत नाही, उलट चिरतो.

दुसरे टोक बंद करण्याआधी एक गोष्ट जरूर करावी. चिकटपट्टी काढल्यावर ते टोकही तसेच क्रिंप मणी, कडी आणि परत मणी अशा क्रमाने फिरवून घ्यावे, पण लगेच दाबू नये. माळ टेबलावर गळ्याच्या आकारात गोल वळवावी. सरळ ठेवलेली माळ घट्ट वाटत असेल, तर गोल वळवल्यावर मणी एकमेकांवर रेटले जातात आणि वायरला बाक पडतो. माळ गोल असताना मण्यांमध्ये एक-दोन मिलिमीटर मोकळीक राहील इतके टोक सैल करावे आणि मगच क्रिंप मणी दाबावा. उरलेले टोक मण्यांत लपवून अगदी मण्यालगत कापावे, म्हणजे मानेला टोचत नाही.

हुकांपैकी चिमट्यासारखा मिटणारा लॉबस्टर हूक माळेला सोयीचा पडतो. ब्रेसलेटला मात्र कडी आणि आडव्या दांडीचा टॉगल एका हाताने लावता येतो. त्या दांडीजवळ तीन-चार बारीक मणी असावेत, नाहीतर दांडी कडीतून पार जायला जागाच उरत नाही. चुंबकाचे हूक हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीसाठी वापरू नयेत.

इलास्टिकचे ब्रेसलेट करणे सोपे दिसते, पण त्याच्या मापात एक गणित आहे. मणी मनगटाभोवती बाहेरच्या अंगाने बसतात, म्हणून सराची लांबी मनगटाच्या घेरापेक्षा मण्याच्या व्यासाच्या सुमारे तिपटीने जास्त लागते. मनगट 16 सेंटिमीटरचे आणि मणी 10 मिलिमीटरचे असतील, तर सर 19 सेंटिमीटरचा हवा. मणी 6 मिलिमीटरचे असतील, तर जवळजवळ 18 सेंटिमीटर पुरतात. सैल आवडत असेल तर यात आणखी अर्धा-एक सेंटिमीटर मिळवावा. ओवण्याआधी इलास्टिक दोन्ही हातांत धरून काही वेळा ताणावे, म्हणजे पुढे ब्रेसलेट ढिले पडत नाही. टोकांना साध्या गाठीऐवजी शल्यगाठ मारावी: पहिल्या वेढ्यात एकऐवजी दोन पीळ द्यावेत, ओढून घट्ट करावे आणि त्यावर पुन्हा तशीच गाठ घ्यावी. गाठीवर दागिन्यांसाठीच्या लवचीक गोंदाचा एक थेंब ठेवून ती पूर्ण वाळू द्यावी आणि मग शेजारच्या मण्यात सरकवावी. झटपट चिकटणारा कडक गोंद इथे नको. तो इलास्टिकला ताठर करतो आणि दोरा नेमका तिथेच तुटतो.

हात बसला की मण्यामण्यांत गाठ देऊन ओवण्याकडे वळावे. मला स्वतःला मण्यांच्या साऱ्या कामात हे काम सर्वांत प्रिय आहे, कारण इथे वेग उपयोगी पडत नाही. मोती मऊ असतो. कठीणपणाच्या मोज फूटपट्टीवर तो साधारण अडीच ते साडेचारच्या दरम्यान येतो, तर स्फटिक सातवर. मोती एकमेकांना घासत राहिले तर त्यांची झळाळी उतरते, म्हणून दोन मोत्यांमध्ये गाठ ठेवतात. शिवाय दोरा तुटलाच तर सगळे मोती न विखुरता एखादाच सुटतो. गाठ भोकापेक्षा मोठी व्हायला हवी, आणि दोऱ्याची जाडी निवडताना हेच पाहायचे असते. भोक मोठे असेल तर दोरा दुहेरी ओवावा. एकेरी ओवण्यासाठी तयार माळेच्या किमान दुप्पट आणि दुहेरी ओवण्यासाठी किमान चौपट दोरा घ्यावा, कारण गाठी बराच दोरा खातात. प्रत्येक गाठ माळेची लांबीही वाढवते. 50 गाठी एकेक मिलिमीटरच्या असल्या तरी माळ 5 सेंटिमीटरने लांबते.

गाठ मारताना मणी आधीच्या गाठीला टेकवावा, दोऱ्याचा सैल वेढा घेऊन साधी गाठ तयार करावी आणि ती आवळण्याआधी तिच्यात दाभणाचे टोक घालावे. मग दाभणाने ती गाठ मण्याच्या तोंडापर्यंत सरकवत न्यावी, दोरा ताणून धरावा, आणि गाठ मण्याला टेकली की दाभण काढून घेत घेत ती बोटाच्या नखाने मण्याकडे रेटून आवळावी. दाभण लवकर काढले तर गाठ मण्यापासून दूर बसते आणि मध्ये दोरा दिसतो. चुकलेली रेशमी गाठ सोडवता येते, पण त्या जागचा पीळ सैल होतो. म्हणून सराव आधी स्वस्त मण्यांवर आणि जाड दोऱ्यावर करावा. हुकाजवळ दोऱ्यावर बारीक तारेची स्प्रिंगसारखी नळी चढवली, तर धातूच्या घर्षणापासून रेशीम वाचते.

कानातल्या डुलांसाठी टाचणीसारखी, एका टोकाला टोपी असलेली तार वापरतात. तिच्यात मणी ओवून वर सुमारे एक सेंटिमीटर तार राखावी, ती मण्यालगत काटकोनात वळवावी आणि गोल टोकांच्या पकडीने उलट दिशेने फिरवून कडी करावी. तारेच्या जाडीचा गेजही उलटाच चालतो: 20 गेजची तार 0.8 मिलिमीटरची, तर 24 गेजची सुमारे 0.5 मिलिमीटरची असते. जोडकडी उघडताना तिची दोन टोके लांब न ओढता एक पुढे आणि एक मागे वळवावे, नाहीतर गोलाई पुन्हा येत नाही. कानात जाणारे आकडे निकेल नसलेले असावेत. अनेकांच्या त्वचेला निकेलने खाज आणि पुरळ येते, त्यामुळे टायटॅनियम किंवा नायोबियमचे आकडे जास्त सुरक्षित. तारेचे कापलेले टोक बारीक कानशीने गुळगुळीत करूनच आकडा कानात घालावा.

बारीक काचमण्यांची वीण हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे इथे तोंडओळखच पुरे. 11 क्रमांकाच्या मण्यांसाठी 10 क्रमांकाची मण्यांची सुई आणि एका वेळी सुमारे दीड मीटर दोरा घ्यावा. त्याहून लांब दोरा गुंततो. दोऱ्याला मेण लावल्यास तो कमी गुंततो. एकसारख्या विणीसाठी जपानी मणी सोपे जातात, कारण त्यांची मापे फारशी बदलत नाहीत. चेक मण्यांत थोडा फरक असतो आणि त्यांतले फार जाड वा फार पातळ मणी निवडून बाजूला काढावे लागतात.

तयार दागिने अत्तर लावून झाल्यावर घालावेत, झोपताना काढावेत आणि रेशमात ओवलेली माळ न टांगता सपाट ठेवावी, कारण टांगल्याने रेशीम ताणते. लहान मुलांच्या हाती सुटे मणी लागू देऊ नयेत. माळेचा हुकाजवळचा भाग अधूनमधून तपासावा: गाठ आणि मणी यांच्यात दोरा दिसू लागला, किंवा वायरच्या नायलॉनखालून पोलाद डोकावू लागले, की ती माळ पुन्हा ओवायला घ्यावी. उसवण्याआधी सगळा सर चिकटपट्टीवर सरळ चिकटवून ठेवावा, म्हणजे मण्यांचा मूळ क्रम तसाच राहतो.