इंदूर सोडून महूला राहायला जावे का? निर्णयापूर्वी तपासायच्या गोष्टी

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या मराठी घरांमध्ये गेली काही वर्षे एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत, एवढ्या मोठ्या घरात दोघेच उरले आहेत, दारासमोरचा रस्ता ओलांडायचा तर हात दाखवत उभे राहावे लागते, आणि मग कोणीतरी सुचवते की हे घर विकावे आणि इंदूरजवळच राऊला, महूला किंवा देवासला मोकळ्या हवेत जाऊन राहावे. आमच्याकडे ही चर्चा तीन वर्षे चालली. मी बँकेतून निवृत्त झालेली आहे, माझ्या पतींची एकदा अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि सासूबाई 84 वर्षांच्या आहेत, त्यामुळे नुसत्या हवेवर भुलून निर्णय घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. या काळात आम्ही काय काय तपासले आणि कोणत्या गोष्टी उशिरा लक्षात आल्या, ते याच वाटेवर असलेल्यांसाठी लिहीत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. वाढते गाव हे अजून वाढून झालेले गाव नसते. पस्तिशीतला माणूस तिथे प्लॉट घेतो तेव्हा त्याला पंधरा वर्षे थांबायला हरकत नसते, कारण गावाची वाढ त्याच्या पथ्यावर पडते. पासष्टीच्या माणसाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. रस्ते खोदलेले, गटारे अर्धवट आणि दवाखाना मंजूर झालेला पण उभा न राहिलेला, अशी जी वर्षे असतात तीच त्याची हिंडण्याफिरण्याची वर्षे असतात. म्हणून आज तिथे जे आहे तेवढ्यावरच निर्णय घ्यावा आणि जे होणार आहे ते हिशेबात शून्य धरावे. महूचा प्लॉट दाखवताना दलालाने आमच्यासमोर इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाचा नकाशा उलगडला होता. 309 किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, हे खरे आहे, आणि तो झाला तर महूहून नाशिक-मुंबईकडे जाणे फार सोपे होईल, हेही खरे आहे. पण इंदूरच्या मेट्रोचे भूमिपूजन सप्टेंबर 2019 मध्ये झाले आणि 31 मे 2025 रोजी तिचा सुरू झालेला पहिला टप्पा होता सुमारे सहा किलोमीटरचा. हा हिशेब मी घरी मांडला आणि त्या दिवसापासून आमच्या चर्चेत रेल्वे आली नाही.

त्याच बैठकीत आणखी एक काम उरकून घ्यावे. आपण नेमके कशाला कंटाळलो आहोत, ते कागदावर लिहावे. आमच्या यादीत जिना, वाहनांचा आवाज आणि मोठ्या घराची साफसफाई या तीन गोष्टी निघाल्या, आणि त्यांपैकी दोन गोष्टी इंदुरातच तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत गेल्याने सुटण्यासारख्या होत्या. ज्यांची संपूर्ण यादीच अशी सुटत असेल त्यांनी गाव बदलण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा, आणि तो मी मुद्दाम दवाखान्याच्याही आधी घेते. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची ओळख आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण आजचा माळवा तसा उरलेला नाही. इंदूर शहर जगते ते नर्मदेच्या पाण्यावर. हे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूद येथून पंपांनी पठारावर चढवून आणले जाते. देवासमध्ये 1990 च्या दशकात रेल्वेच्या टाक्यांमधून पाणी आणण्याची वेळ आली होती. देवासवर मराठी माणसाचा जीव असतो, कारण तिथे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीच्या गाद्या होत्या, टेकडीवर देवी आहे, आणि क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये तिथे आलेले कुमार गंधर्व कायमचे तिथलेच झाले. आम्हालाही तिथे जावेसे वाटत होते. पण ओढ निराळी आणि नळाला येणारे पाणी निराळे.

माळव्यात काळ्या मातीखाली बेसॉल्टचा खडक आहे. त्याच्या भेगांमध्ये जेवढे पाणी मुरते तेवढेच बोअरला लागते, आणि एकेका कॉलनीत घरोघर बोअर झाले की एप्रिल-मेमध्ये ते आटू लागतात. म्हणूनच घर पाहायला कधीही दिवाळीनंतर जाऊ नये, कारण त्या दिवसांत माळव्यातले प्रत्येक गाव सुंदर दिसते. मे महिन्यात जावे आणि तेही पहाटे.

आम्ही महूच्या एका नव्या कॉलनीत ओळखीच्यांच्या रिकाम्या घरात मे महिन्यातले नऊ दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला शेजारच्या मराठी काकूंनी दार वाजवले. ‘‘वहिनी, उठा, पाणी आलंय. पण मोटार लगेच लावू नका, आधी पाइपातली हवा जाऊ द्या, मग पिण्याचं भरा.’’ नळातून आधी फुसफुस असा आवाज येत राहिला, मग लालसर पाणी आले आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ धार लागली. स्वच्छ पाणी साधारण वीस मिनिटे टिकले. त्यानंतर पुढच्या गल्लीत ट्रॅक्टरला जोडलेला टँकर आला आणि लोक हौदांत पाइप सोडू लागले. त्या नऊ दिवसांत पाणी कधी आले, किती वेळ टिकले आणि टँकर किती वेळा आला, हे मी वहीत लिहून ठेवले. कॉलनीच्या माहितीपत्रकात ‘चोवीस तास पाणी’ असे छापलेले होते. ते माहितीपत्रक आणि माझी वही पतींनी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिली, आणि तो प्लॉट घ्यायचा नाही हे त्याच क्षणी ठरले.

दवाखान्याच्या बाबतीत अंतर किलोमीटरमध्ये मोजणे ही सर्वांत घातक चूक आहे. महू इंदूरपासून साधारण तेवीस किलोमीटरवर आहे आणि रविवारी सकाळी हा रस्ता चटकन सरतो. तोच रस्ता कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, राऊ सर्कलवर ट्रकांच्या रांगा असताना आणि शक्य झाल्यास पावसाळ्यात, स्वतः गाडीने पार करावा आणि नव्या घराच्या फाटकापासून आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन दारापर्यंतची वेळ घड्याळावर मोजावी. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास निर्णायक असतो, म्हणून जो आकडा येईल त्यात रुग्णवाहिका घरापर्यंत पोहोचण्याची वेळ मिळवावी आणि मग घरात मोकळेपणाने बोलावे. गावातला डॉक्टर रात्री फोन उचलतो का, रक्त तपासणीचा नमुना घ्यायला माणूस घरी येतो का आणि रात्री दहानंतर औषधाचे कोणते दुकान उघडे असते, हे शेजाऱ्यांनाच विचारावे. लष्करातून निवृत्त झालेल्यांना महू सोयीचे जाते, कारण छावणीमुळे त्यांच्या आरोग्ययोजनेची व्यवस्था तिथे आहे. आपण बाकीच्यांनी त्यांचे उदाहरण पाहून भुलू नये. घरातले कोणी सत्तरीच्या पुढे असेल तर आयुष्मान योजनेतून वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची सोय 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता मिळते. कार्ड आधीच काढून ठेवावे आणि नव्या गावाजवळची कोणती रुग्णालये ते स्वीकारतात याची यादी करावी.

जमिनीचे कागद हा भाग महाराष्ट्रातून इकडे येणाऱ्यांना विशेष अवघड जातो, कारण शब्दच बदलतात. तिकडच्या सातबाऱ्याच्या जागी इथे खसरा आणि बी-1 येतात, फेरफाराला नामांतरण म्हणतात आणि एनए म्हणजे बिगरशेती करण्याला डायव्हर्शन. आणखी एक फरक मोठा आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, मध्य प्रदेशात तशी अट नाही. त्यामुळे ‘फार्महाऊस’ या नावाने शेताचे तुकडे पुण्या-मुंबईच्या लोकांना सहज विकले जातात, आणि डायव्हर्शन झालेले नसताना त्यावर घर बांधायला निघालेला माणूस पुढे अडकतो. नगर तथा ग्राम निवेश विभागाने, म्हणजे नगररचना खात्याने, मंजूर केलेला नकाशा, डायव्हर्शन झाल्याचा पुरावा, कॉलनीची विकास परवानगी आणि रेराचा नोंदणी क्रमांक ही चार कागदपत्रे हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नये. पाचवा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे कॉलनी नगरपरिषदेकडे हस्तांतरित झाली आहे का. जोवर ती झालेली नसते तोवर रस्ता, दिवे, गटार आणि पाणी हे सारे कॉलनी पाडणाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि त्याने शेवटचा प्लॉट विकल्यानंतर ती मर्जी किती टिकते हे सांगायला नको.

महूमध्ये याला आणखी एक पदर आहे. गावाचा जुना भाग छावणी परिषदेच्या हद्दीत येतो, शेजारी महूगाव नगरपरिषद आहे आणि नव्या कॉलन्या बऱ्याचदा ग्रामपंचायतींच्या हद्दीत असतात, म्हणून आपला प्लॉट नेमका कोणाच्या हद्दीत आहे ते लेखी घ्यावे. छावणीतले झाडांनी वेढलेले जुने बंगले पाहून कोणाचाही जीव हरखतो. मात्र त्यांतले पुष्कळसे ‘ओल्ड ग्रँट’वरचे आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि विकत घेणाऱ्याला मिळतो तो केवळ वरच्या बांधकामावरचा हक्क. मुलांना निर्वेध मालमत्ता ठेवून जायची असेल त्यांनी हा मोह टाळावा.

स्वतः बांधायचे ठरले तर पायासाठी खर्च राखून ठेवावा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, म्हणून पाया खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेला नाही तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा पडतात. तयार घर पाहतानाही ताज्या रंगावर विसंबू नये. खिडक्यांचे कोपरे आणि कुंपणाची भिंत नीट पाहावी, कारण कुंपणाची भिंत सहसा कोणी रंगवून लपवत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. इंदूरचे घर विकून आलेला दीर्घकालीन भांडवली नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर विकत घेतल्यास, किंवा तीन वर्षांत बांधल्यास, ठरलेल्या अटींवर करातून सुटतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत तो वापरला गेला नाही तर बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवावा लागतो. अनेकांना हे खाते असते हेच ठाऊक नसते आणि ते रक्कम मुदत ठेवीत टाकून बसतात. कर सल्लागाराकडे विक्रीचा करार करण्याच्या आधी जावे. शिवाय एकदा इंदूरचे घर विकले की पाच वर्षांनी त्याच पैशांत त्याच भागात परत येता येणे जवळजवळ अशक्य असते, हे गृहीत धरूनच पाऊल टाकावे.

माणसांचा विचार आपण शेवटी करतो आणि खरे तर तोच रोज लागतो. राजेंद्र नगरात सकाळी दूधवाल्यापासून देवळातल्या आरतीपर्यंत दहा माणसे मराठीत बोलतात, ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकाला शेजारच्या वहिनींबरोबर रिक्षाने जाता येते आणि गणपतीत घर भरलेले असते. महूलाही मराठी कुटुंबे आहेत, आणि बाबासाहेबांचे जन्मस्थान असल्यामुळे 14 एप्रिलला महाराष्ट्रातून लाखो माणसे तिथे येतात. त्या दिवशी गावातले लोक ज्या आपुलकीने पाणी आणि जेवण घेऊन रस्त्यावर उभे राहतात ते एकदा तरी पाहावे, त्यातून गावाचा स्वभाव कळतो. पण नव्या कॉलनीतली शेजारीण आणि जुन्या गावातली माणसे यांच्यात तीन किलोमीटरचे अंतर असते. तेव्हा नवरा-बायकोंनी एकमेकांना एक कठीण प्रश्न विचारावा. आपल्यापैकी एकच उरले तर ते माणूस या घरात राहू शकेल का? मला चारचाकी चालवता येत नाही. पतींशिवाय त्या कॉलनीतून भाजी आणायलाही मला कोणावर तरी अवलंबून राहावे लागले असते. हा प्रश्न त्यांनीच काढला, मला तो काढण्याचा धीर झाला नव्हता.

या सगळ्यानंतरही जावेसे वाटत असेल, आणि आम्हाला वाटत होते, तर आधी भाड्याने राहावे. इंदूरचे घर विकू नये. ते अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यावे आणि तेवढ्याच मुदतीसाठी नव्या गावात घर घ्यावे, म्हणजे मे, ऑगस्ट आणि जानेवारी असे तिन्ही ऋतू अंगावरून जातात. नेहमीची औषधे, बँक आणि न्हावीसुद्धा तिथलेच धरावेत. दर आठवड्याला काही ना काही कामासाठी इंदूरला जावे लागत असेल तर त्या फेऱ्या कॅलेंडरवर खुणावून ठेवाव्यात. आमच्या पहिल्या चार महिन्यांत अशा एकतीस खुणा झाल्या, त्यांतल्या एकोणीस दवाखान्याच्या होत्या. आम्ही आता नव्या कॉलनीऐवजी महूच्या जुन्या बाजाराजवळ, स्टेशनला चालत जाता येईल अशा तळमजल्यावरच्या घरात भाड्याने आहोत. सासूबाईंना तिथे ओट्यावर बसून बोलायला दोघीजणी मिळाल्या आहेत, भाजीवाली दाराशी येते आणि राजेंद्र नगरचे घर अजून आमच्याच नावावर आहे. दुसरा अकरा महिन्यांचा करार फेब्रुवारीत संपतो, तोवर हृदयरोगतज्ज्ञांच्या तपासणीच्या तारखा दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांवर गेल्या तर आम्ही तिथे घर पाहायला सुरुवात करू.