पाइपलाइनचं स्पेक बदलतं तिथे या चुका टाळा

चिक्कोडीकडच्या एका साखर कारखान्यात ऑफ-सिझनला आम्ही डिस्टिलरीसाठी 8 किलोची (दर चौरस सेंटिमीटरला 8 किलो दाबाची) वाफेची लाइन टाकली. बॉयलरकडून 45 किलोची वाफ, पीआरडीएसमध्ये (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या स्टेशनमध्ये) ती 8 वर उतरणार. अलीकडे क्लास 600, पलीकडे क्लास 150 (क्लास म्हणजे व्हॉल्व्ह आणि जोडांची दाब सोसण्याची श्रेणी; आकडा मोठा तेवढं जड). स्पेक ब्रेकची, म्हणजे जड स्पेसिफिकेशन संपून हलकं सुरू होतं तिथली, रेघ कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढच्या तोंडावर मारली होती, आणि ती मीच मारली होती.

ट्रायलच्या रात्री डिस्टिलरीवाल्यांनी पुढचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद केला. कंट्रोल व्हॉल्व्ह किंचित पासिंग होता, म्हणजे बंद असूनही थोडी वाफ सोडत होता. मधल्या दीड मीटर पाइपात दाब चढत गेला आणि पहाटे जोडातलं गॅस्केट उडालं. सेफ्टी व्हॉल्व्ह होता, पण बंद केलेल्या व्हॉल्व्हच्या पलीकडे! जवळ कोणी नव्हतं म्हणून निभावलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, लाइन आठचीच की हो, मग उडालं कसं?"

तेव्हापासून रेघ मारण्याआधी मी एवढंच बघतो: हा व्हॉल्व्ह बंद केला तर वरचा दाब कुठपर्यंत येऊन थांबेल? तिथपर्यंत सगळं जड स्पेकचं. म्हणजे पुढचा आयसोलेशन व्हॉल्व्ह, बायपास व्हॉल्व्ह, मधला ड्रेन, गेजची टॅपिंगसुद्धा. व्हॉल्व्हला जोडणारी पुढची फ्लॅंजही (पाइपाच्या टोकाची बोल्टची चकती) क्लास 600च लागते, त्यामुळे स्पेक खरं बदलतं ते त्या फ्लॅंजच्या मागच्या वेल्डवर. खरेदीवाले "लाइन 150ची, मग व्हॉल्व्ह 600चा कशाला?" असं विचारणारच. उत्तर तयार ठेवा. हलक्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र असा बसवा की मध्ये बंद करायला काहीच नको.

नुसता दाब बघू नका. क्लास 150ची कार्बन स्टील फ्लॅंज साध्या तापमानाला 19.6 बार सोसते, 200 अंशांना 13.8, आणि 400 अंशांना जेमतेम 6.5. डीसुपरहीटरचं (वाफेचं तापमान उतरवणाऱ्या भागाचं) स्प्रे पाणी बंद पडलं की तीच 8 किलोची लाइन कमी पडते. तापमान चढल्यावर वाफ आपोआप तुटेल असा ट्रिप आधीच ठेवा.

पंपाच्या सक्शनला हीच चूक उलट्या बाजूने होते. स्टँडबाय पंपाचा डिस्चार्ज एनआरव्ही (उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह) गळला आणि सक्शन व्हॉल्व्ह बंद असला, तर डिस्चार्जचा दाब थेट सक्शनच्या हलक्या तुकड्यात. एनआरव्हीला आयसोलेशन समजू नका. तो सक्शन व्हॉल्व्ह आणि पंपापर्यंतचा तुकडा डिस्चार्जच्याच क्लासचा घ्या.

आता जोडणीचं. 4 इंची क्लास 150 आणि 300, दोन्ही फ्लॅंजना 8 भोकं, पण पीसीडी (भोकांच्या वर्तुळाचा व्यास) 190.5 आणि 200 मिमी. बसत नाही म्हटल्यावर भोकं ओढून बसवणारे फिटर मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपमध्येही पाहिलेत. फ्लॅंज परत पाठवा, भोकं वाढवू नका.

वेल्डिंगच्या जोडात फसवणूक आतून असते. 4 इंची शेड्यूल 40 आणि 80, बाहेरून दोन्ही 114.3 मिमी, पण जाडी 6.02 आणि 8.56. बाहेरून जोड सुरेख, आत अडीच मिलिमीटरची पायरी! जाड पाइपला आतून उतार देऊनच फिटअप करा. डिस्टिलरीत कार्बन स्टीलला 304 स्टेनलेस जोडताना 309एल वेल्डिंग रॉड वापरा. हाताशी असलेली कार्बन स्टीलची 7018 ओढू नका.

हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) एकाच दमात उरकायचा मोह सगळ्यांनाच होतो. हलक्या बाजूच्या दाबाला केली तर जड बाजू तपासलीच जात नाही, जड बाजूच्या दाबाला केली तर हलकी फाटते. मध्ये ब्लाइंड (बंद चकती) टाकून दोन टेस्ट घ्या.

आणि वाफ 3.5 किलोच्या वर असेल तर ती लाइन आयबीआरमध्ये (भारतीय बॉयलर नियमांमध्ये) येते. साइटवर अडचण आली म्हणून मंजूर ड्रॉइंगमधली रेघ दोन मीटर सरकवली, तर सुधारित ड्रॉइंग परत मंजुरीला जातं. हे गाळपाच्या तोंडावर नाही, ऑगस्टमध्येच उरका. पाइपवरही पांढरा पट्टा मारून दोन्ही बाजूंना क्लास लिहा. पुढच्या ऑफ-सिझनला व्हॉल्व्ह बदलणारा माणूस ड्रॉइंग उघडणार नाही.