पाणी न सुटणारी पनीर भुर्जी
रात्री साडेआठला घरी पोहोचल्यावर भात-पोळी टाळून पोटभर प्रथिने मिळावीत म्हणून मी पनीर भुर्जी करू लागलो. परंतु पोळीविना खायची म्हटल्यावर तिचे पाणी आणि चिवटपणा लपत नसे. दोष माझ्या घाईचा होता, कारण कांदा, टोमॅटो, सिमला मिरची आणि पनीर मी एकदमच कढईत टाकून वर झाकण ठेवत असे. आता मीठ आधीच घालून मसाल्याला तेल सुटेपर्यंत उघड्या कढईत परततो आणि कुस्करलेले २०० ग्रॅम पनीर शेवटी घालून जेमतेम दोन मिनिटांत गॅस बंद करतो. जास्त तापल्यास पनीरमधील प्रथिने आकसून पाणी बाहेर टाकतात. एवढ्यात दोघांचे भागते, प्रत्येकी साधारण १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोबत काकडीची कोशिंबीर असतेच, दाण्याचे कूट मात्र सढळ हाताने.