आधी लाकूड शोधा: येऊरला छत्र्या बघायला जाताना या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की ठाण्यातल्या माणसाला शहराला लागूनचं येऊरचं रान आठवतं. कुणाला कांदाभजी, कुणाला धबधबा, आणि आमच्यासारख्या दोन-चार वेड्यांना कुजकी लाकडं. गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी उपवनावरून वर जातो आणि लाकडावर उगवणाऱ्या छत्र्या बघत हिंडतो. भूछत्र, अळंबी, कुत्र्याची छत्री, ज्याला जे नाव तोंडात बसलंय ते. पहिली दोन वर्षं मी बहुतेक रिकाम्या हातानं परत आलो. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत.

पहिल्या पावसाला धावत सुटणं

आपल्याकडे मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या आठवड्यात मी रेनकोट घालून सबंध सकाळ चाललो आणि मला काय दिसलं, तर गेल्या वर्षीचे वाळके, दगडासारखे झालेले कंस, म्हणजे लाकडाला फळीसारख्या चिकटलेल्या टणक छत्र्या. छत्री म्हणजे त्या बुरशीचं फळ. तिचं खरं अंग तंतूंच्या जाळ्याच्या रूपात लाकडाच्या आत असतं. फेब्रुवारी ते मे लाकूड कडकडीत वाळलेलं असतं. साधारण तीस टक्क्यांच्या पुढे ओल मुरली की आतलं काम नीट सुरू होतं. मनगटाएवढ्या फांदीत ती ओल आठवड्याभरात मुरते, कमरेएवढ्या ओंडक्यात मुरायला महिना जातो. म्हणून जूनमध्ये बारीक काटक्या बघाव्यात आणि मोठ्या ओंडक्यांकडे जुलैच्या मध्यावर वळावं. चार दिवस झोडपून पाऊस दोन दिवस उघडला की तिसऱ्या दिवशीची सकाळ सोडू नका. धो-धो पावसात नाजूक छत्र्यांचा लगदा होतो, हेही ध्यानात ठेवा.

जमिनीकडे बघत चालणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि तीच सगळे करतात. अळंबी म्हटलं की डोळे आपसूक पायाखाली जातात. जांभळी नाक्यावर पावसाळ्यात शेवळं-करटोल्यांच्या शेजारी पानात बांधून विकायला येते ती अळंबी बहुतेक वारुळावरची असते, म्हणजे वाळवीच्या घरातली. तिचं गणित निराळं. लाकडावरची हवी असेल तर आधी लाकूड ओळखायला शिकायला हवं.

मला हे पाड्यावरच्या एका मावशींनी शिकवलं. मी मोबाईलवर फोटो दाखवून "ही कुठली हो?" विचारलं. त्यांनी फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "झाड कुठलं, ते सांग आधी." मला सांगता आलं नाही, आणि त्या भाजी निवडायला परत वळल्या.

येऊरच्या रानात साग भरपूर, म्हणून नवखा माणूस पडलेल्या सागाभोवतीच घुटमळतो. सागाचा गाभा कुजायला फार चिवट, खैराचाही तसाच. बुरशीला मऊ लाकूड आवडतं. काटेसावर, पांगारा, शेमट, उंबर, आंबा यांचं एखादं झाड वादळात आडवं झालेलं दिसलं, की ती जागा लक्षात ठेवा. त्यातही ओढ्याकाठचा, सावलीतला, शेवाळ धरलेला ओंडका पहिला. वरच्या बाजूपेक्षा मातीला टेकलेल्या कडेला ओल जास्त टिकते, म्हणून वाकून तिथे बघा. साल सुटलेल्या जागी अंगठ्यानं दाबून पाहा. लाकूड फिकट, ओलसर, दोऱ्या-दोऱ्यांचं लागलं तर तिथे पांढरी कुज आहे, म्हणजे लाकूड कडक ठेवणारं लिग्निनसुद्धा खाणारी बुरशी आत आहे. लाकूड तपकिरी पडून चौकोनी ढेकळांसारखं फुटत असेल तर ती तपकिरी कुज. तिला लिग्निन नीट पचत नाही, ते ती मागे सोडते. आपल्या रानात बहुतेक वेळा पहिलीच भेटते.

एकदा अशी नजर बसली की गोष्टी आपोआप दिसायला लागतात. उन्हातल्या वाळक्या फांदीवर शेंदरी-लाल कंस, पिक्नोपोरस. पिवळ्या देठावर पेल्यासारखे उभे मायक्रोपोरस. खालून मधमाशीच्या पोळ्यासारखी छिद्रं दाखवणारा हेक्झागोनिया. मातीतून काळी बोटं वर आल्यासारखा झायलेरिया (पहिल्यांदा संध्याकाळी दिसला तर दचकायला होतं). कोळशाच्या गोळ्यासारखा डाल्डिनिया, जो फोडला की आत कांद्यासारखे पदर दिसतात. आणि सगळीकडे, अगदी कुंपणाच्या बांबूवरसुद्धा, नखाएवढी पांढरट केसाळ स्किझोफायलम. ती उलटी करा, खालचे पडदे, म्हणजे छत्रीच्या खालच्या पातळ उभ्या चकत्या, मधोमध चिरलेले दिसतील. उन्हात आक्रसून बसते, पाणी मिळालं की पुन्हा उघडते. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर ती आहे, म्हणून पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

फक्त वरून फोटो काढणं

माझे पहिले चाळीसेक फोटो जाणत्या माणसाला दाखवले. त्यानं एकच विचारलं, "खालून?" चाळीसपैकी एकही फोटो खालून नव्हता.

वरचा रंग पावसानं, वयानं, उन्हानं बदलतो. ओळख पटते ती खालच्या बाजूवर. तिथे पडदे आहेत की छिद्रं, की गुळगुळीत आहे? देठ मधोमध आहे, कडेला आहे, की मुळीच नाही? त्यासाठी छत्री तोडायची गरज नसते. पावडरच्या डबीतला छोटा आरसा खाली सरकवा आणि आरशाचा फोटो काढा. शेजारी दहा रुपयाचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, म्हणजे माप आपोआप मिळतं. मग दोन पावलं मागे जाऊन सबंध ओंडक्याचा एक फोटो आणि जवळ उभ्या त्याच जातीच्या झाडाच्या पानांचा एक. झाडाचं नाव तिथल्या तिथे लिहून ठेवा. घरी आल्यावर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

तोडून पिशवीत भरणं

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथून परवानगीशिवाय छत्रीच काय, पडलेलं लाकूडही उचलता येत नाही. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यालाही हाच कायदा. "एकानं नेली तर काय होतंय" म्हणणारे रविवारी दोनशे असतात.

पण बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या बारीक कणांचा, रंग बघायचा तर छत्री लागते, असं कुणी म्हणेल. घोळक्यात उगवलेल्या छत्र्यांमध्ये वरच्या छत्रीचे बीजाणू खालच्या छत्रीच्या डोक्यावर पडून थर साचतो. तो रंग बघा, झालं. आणि बीजाणूंचा कागदावर ठसाच घ्यायचा असेल तर सोसायटीच्या आवारातला कापलेल्या झाडाचा बुंधा आहेच. सेक्रेटरींना विचारून एक छत्री घ्या, देठ कापा, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी ठसा तयार. पांढरा ठसा काळ्या कागदावर दिसतो, म्हणून दोन रंग.

याचा उपयोग कुठे होतो बघा. शिंपल्याच्या आकाराची, देठ नसल्यासारखी पांढरट छत्री दिसली की सगळे "धिंगरी, धिंगरी!" ओरडतात, कारण तशी पाकिटातली ऑयस्टर मशरूम बाजारात पाहिलेली असते. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट येतो. तिच्याचसारखी दिसणारी छोटी क्रेपिडोटस तपकिरी ठसा देते. वरून दोघी बहिणी वाटतात.

"लाकडावरची निर्धोक" हा समज

जमिनीवरची विषारी आणि लाकडावरची चालते, हे मी शिकल्या-सवरल्या लोकांकडून ऐकलंय. साफ चूक. गॅलेरिना नावाची छोटी तपकिरी छत्री कुजक्या लाकडावरच उगवते आणि तिच्यात अ‍ॅमाटॉक्सिन असतं, जगातल्या बहुतेक जीवघेण्या छत्रीबाधांमागचं विष. ते शिजवून, वाळवून, उकळून पाणी टाकून जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्यांनी खाल्ली म्हणजे आपणही खावी, या सगळ्या परीक्षा फोल आहेत. गोगलगाय जे पचवते ते आपलं यकृत पचवेलच असं नाही.

या विषाची लबाडी त्याच्या वेळापत्रकात आहे. पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि त्याच वेळी यकृत खराब होत असतं. म्हणून कुणी रानातली छत्री खाल्ली असेल आणि पोट बिघडलं, तर बरं वाटण्याची वाट बघायची नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जायचं, उरलेली भाजी किंवा कच्चा तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यायचा, आणि खाल्ल्याची वेळ सांगायची.

मी स्वतः रानातली एकही खात नाही. धिंगरी खायची इच्छा झाली तर विकत आणतो.

जेली इअर ही कानाच्या पाळीसारखी, लिबलिबीत तपकिरी बुरशी दिसली की हल्ली लोक दोन पावलं मागे सरतात. चायनीज सुपात 'ब्लॅक फंगस' म्हणून येते तिच्याच गोतातली ही. २०२१ मध्ये कोविडच्या रुग्णांना झालेला ब्लॅक फंगस म्हणजे म्युकरमायकोसिस, त्याचा हिच्याशी संबंध नाही.

अडलं तर

*अ‍ॅप दर वेळी वेगळं नाव सांगतं.* सांगणारच, त्याला तुम्ही वरूनच फोटो दिलेला असतो. खालचा फोटो द्या आणि प्रजातीऐवजी कुळापर्यंत थांबा. लाकडावरच्या कितीतरी छत्र्यांची प्रजात सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरत नाही.

*काल होती, आज नाही.* पातळ छत्र्यांचं आयुष्य दीड-दोन दिवसांचं. ओंडका तोच राहतो, पुढच्या उघडिपीनंतर परत जा.

*फोटो धुरकट येतात.* एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. दहा मिनिटं थांबा.

*सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याशी टणक, लाखेसारखी चकचकीत छत्री आली आहे.* ही बहुधा गॅनोडर्मा. सुंदर दिसते, पण आत मुळं आणि बुंधा कुजत असल्याची खूण असते. ठाणे आणि नवी मुंबईत दर पावसाळ्यात गाड्यांवर झाडं पडतात. छत्री तोडून काही होत नाही, बुरशी आतच राहते. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी कळवा, खाली गाडी लावू नका. परस्पर झाड तोडलंत तर १९७५ च्या वृक्ष कायद्यानं तुम्हीच अडकाल.

हात कुठे घालता ते बघा

ओंडक्याखाली विंचू, गोम, क्वचित फुरसं असतं. हातानं उलटू नका, आणि काठीनं सरकवलाच तर परत होता तसा ठेवा, कारण खालची ओल गेली की छत्र्याही गेल्या. झुडपाच्या फांदीवर हिरवा चापडा हा विषारी साप पानासारखा पडून असतो, फोटोसाठी वाकताना डोक्याशेजारी आधी बघा. येऊरला बिबटे आहेत. चमकणाऱ्या बुरशीच्या नादानं रात्री आत शिरू नका, एकट्यानं तर नकोच. धबधब्यांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, येऊरला आणि खारघरच्या पांडवकड्यालाही. निघण्याआधी चौकशी करून घ्या.

बाकी एक सवय लावा. दोन-तीन ओंडके ठरवून टाका आणि दर पावसाळ्यात त्यांच्याकडेच जा. माझा एक आंब्याचा आहे, ओढ्याच्या वळणावर. पहिल्या वर्षी त्याच्यावर नुसती स्किझोफायलम आणि शेंदरी कंस होते. तिसऱ्या वर्षी जेली इअरनं एक बाजू भरून गेली. गेल्या ऑगस्टमध्ये अंगठा दाबला तर पेरभर आत गेला, आणि खालून काळी बोटं वर आली होती.