जिमी रॉजर्सची हवाइयन स्टीलवाली रेकॉर्डिंग्ज शोधायची असतील तर

जुना अमेरिकन कंट्री गायक जिमी रॉजर्स म्हटलं की लोकांना ब्लू योडेल (मध्येच आवाज वर पलटवत गायची त्याची गाणी) आठवतं, रेल्वेतला ब्रेकमन आठवतो, गिटार घेऊन एकटाच गाणारा माणूस आठवतो. त्याच्यामागे हवाइयन स्टील गिटारही (मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार फिरवून वाजवतात ती) वाजायची हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि ते कळलं की ती नेमकी कुठल्या गाण्यांत आहे हे शोधताना डोकं फिरतं, कारण १९२७ ते १९३३ या जेमतेम सहा वर्षांत त्याने तबकडीच्या शंभराच्या वर बाजू (एका बाजूला एक गाणं) रेकॉर्ड केल्या आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या त्याच्या स्वतःच्या गिटारवर आहेत. मी हवाइयन गिटार वाजवतो (शिकलो फिल्मी गाण्यांवर, आपल्याकडे बहुतेक तसेच शिकतात), त्यातून या नादाला लागलो आणि पुढे जुन्या तबकड्या डिजिटाइझ करायची कामंही घ्यायला लागलो. नवीन मुलं विचारत असतात की सुरुवात कुठून करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

गाण्याच्या नावाने शोधू नका, सेशनने शोधा. म्हणजे कुठल्या तारखेला, कुठल्या गावात, सोबत कोण होतं. स्टील वाजवणारा माणूस सापडला की गाणी आपोआप सापडतात, उलट्या बाजूने गेलात तर महिनोन्‌महिने योडेलच ऐकत बसाल.

रॉजर्सच्या बाबतीत स्टीलवाले मोजकेच आहेत. पहिला एल्सवर्थ कझेन्स, फेब्रुवारी १९२८, न्यू जर्सीतलं कॅम्डन. 'ट्रेझर्स अनटोल्ड' आणि 'द ब्रेकमन्स ब्लूज' तिथली. मग ऑगस्ट १९२९, टेक्सासमधलं डलास, तिथे जो कायपो हा हवाइयन वादक आणि त्याच्याबरोबर बर्क्स बंधू, बिली गिटारवर, वेल्डन युकुलेलीवर. थोडं चावट असं 'एव्हरीबडी डझ इट इन हवाई' याच सेशनचं, आणि नवीन माणसाने सुरुवात करावी तर इथूनच असं माझं मत आहे, कारण स्टील काय करतेय हे कान तयार नसले तरी ऐकू येतं. १९३० च्या उन्हाळ्यात हॉलीवूडमध्ये लानी मॅकिंटायरचा हवाइयन बँड. त्याच उन्हाळ्यात तिथेच लुई आर्मस्ट्राँग त्याच्याबरोबर ट्रम्पेट वाजवून गेला (ब्लू योडेल नंबर ९, १६ जुलै), आणि सगळे त्या एका गाण्यामागे धावतात, त्यामुळे शेजारची हवाइयन सेशन्स लोक बघतच नाहीत. जानेवारी १९३१, सॅन अँटोनियो, चार्ल्स कामा. जून १९३१, लुईव्हिल, क्लिफ कार्लाइल, हा हवाईचा नव्हे, केंटकीचाच, पण गिटार मांडीवर आडवी ठेवून बार फिरवणारा.

हे एवढं कागदावर काढलंत की अर्धं काम झालं.

हवाईचं वाद्य टेक्सासमध्ये आलं कसं, असं कुणी विचारेल. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे हवाइयन वादकांनी लोकांना वेड लावलं, पुढची काही वर्षं अमेरिकेत हवाइयन रेकॉर्ड्स तुफान खपल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या तंबूतल्या शोमध्ये हवाइयन मंडळी असायचीच. रॉजर्स स्वतः तंबूंमधून फिरलेला, त्यामुळे त्याला स्टील हवी वाटली यात नवल काहीच नाही.

आता कागदपत्रं. रॉजर्स पूर्ण काळ व्हिक्टर कंपनीसाठी गायला आणि व्हिक्टरने प्रत्येक सेशनच्या नोंदवह्या ठेवल्या होत्या. तारीख, जागा, वादक, मेट्रिक्स नंबर (कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला क्रमांक) आणि प्रत्येक टेकचं (म्हणजे तेच गाणं पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केल्याच्या प्रत्येक खेपेचं) काय केलं, मास्टर म्हणून घेतला, राखून ठेवला की नष्ट केला, सगळं. ही माहिती सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज' म्हणून फुकट खुली केली आहे. तिथे गायकाच्या नावाने यादी उघडू नका, वादकाच्या नावाने उघडा. आणि एक लक्षात ठेवा, सेशनमध्ये स्टीलवाला आहे म्हणजे प्रत्येक गाण्यात स्टील आहे असं नसतं. कॅम्डनच्या त्याच फेरीतलं 'इन द जेलहाऊस नाऊ' घ्या, त्यात कझेन्स बँजो वाजवतोय. म्हणून यादी करा पण शेवटी कानाने तपासा.

शोधताना दोन घोटाळे हमखास होतात. जिमी रॉजर्स नावाचा दुसराही गायक होता, १९५७ मध्ये पॉपमध्ये गाजलेला, स्पेलिंगसुद्धा सेम, आणि त्याचा जन्म १९३३ चा म्हणजे आपला रॉजर्स क्षयाने गेला त्याच वर्षीचा, त्यामुळे सर्चमध्ये दोघं असे काही मिसळतात की विचारू नका. वर्ष बघायची सवय लावा. दुसरा घोटाळा जास्त चकवतो. १९५५ मध्ये आरसीएने (व्हिक्टरचीच पुढची कंपनी) रॉजर्सच्या जुन्या रेकॉर्डिंगवर कंट्री गायक हँक स्नोच्या बँडची साथ नव्याने चढवली आणि बाजारात आणली, 'जेलहाऊस नाऊ नंबर २' तर तेव्हा चार्टवर पण गेलं. आवाज खरा रॉजर्सचा, साथ बावीस-पंचवीस वर्षांनंतरची! इलेक्ट्रिक स्टील बाजारात आली १९३२ च्या सुमाराला, आणि रॉजर्सच्या सेशनमधली सगळी स्टील साधी, लाकडी किंवा पत्र्याच्या रेझोनेटरची (आत बसवलेली, आवाज वाढवणारी पत्र्याची ताटली). तेव्हा लांब टिकणारा, गुळगुळीत, अँप्लिफायरमधून आलेला सूर ऐकलात तर ती कॉपी बाजूला ठेवा.

ऐकायला आधी चांगली रीइश्यू (जुन्या रेकॉर्डिंगची नव्याने काढलेली आवृत्ती) घ्या. जर्मनीच्या बेअर फॅमिलीने १९९२ मध्ये सहा सीडींचा सेट काढला, त्यात सगळं क्रमाने आहे. महाग आहे, पण अमेरिकेहून फुटक्या तबकड्या मागवण्यापेक्षा स्वस्त पडतं. चार्ल्स कामाने स्टील वाजवलेली 'टी.बी. ब्लूज' त्यात हेडफोन लावून ऐका. स्वतःच्या आजारावरचं गाणं गातोय माणूस, आणि गायनाची ओळ संपते तिथून स्टील पुढे घेऊन जाते. वाजवणाऱ्यांसाठी तर यात खजिना आहे, कमी सुरांत कसं भागवायचं ते कळतं. आमच्याकडे प्रत्येक जागेवर मींड भरायची खोड असते, मलाही आहे.

मग येतात प्रत्यक्ष तबकड्या, आणि इथे आपल्याला एक फायदा आहे जो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. रॉजर्सची गाणी हिंदुस्थानातही निघाली होती, एचएमव्हीच्या एन सीरिजमध्ये आणि 'ट्विन' या स्वस्त लेबलवर, नंबरच्या आधी एफटी अशी अक्षरं असतात. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याला डमडमला होता. अमेरिकेतले कलेक्टर या भारतीय प्रती शोधत असतात, आणि इथे त्या 'इंग्लिश गाणी आहेत, कोण घेणार' म्हणून गठ्ठ्यात तळाला पडलेल्या असू शकतात. चोरबाजारात मटण स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात तर इंग्लिशचा गठ्ठा नक्की उपसा. दुकानदाराला जिमी रॉजर्स विचारू नका, भाव लगेच चढतो, नुसतं 'इंग्लिश कुठले आहेत' विचारा. मुंबईची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून आहे, तिथल्या मंडळींचा भर हिंदुस्थानी संगीतावर, पण लेबलं आणि नंबर वाचायला शिकायचं तर अशा लोकांत बसण्याला पर्याय नाही.

तबकडी हातात आली की कडेने धरा आणि टेबललॅम्पखाली तिरकी करा. लेबल आणि खाचा यांच्यामधल्या चकचकीत पट्टीत बारीक आकडे दिसतील. अमेरिकन व्हिक्टर असेल तर लेबल सरळ धरून डावीकडे, घड्याळात नऊ असतात तिथे, टेकचा आकडा बघा. हे महत्त्वाचं, कारण एकाच गाण्याचे दोन टेक निघालेले असू शकतात आणि स्टीलची जागा दोन्हीत वेगळी असते. खाचांचा रंग करडा झाला असेल तर जड साउंडबॉक्सने (ग्रामोफोनचं पिन धरणारं डोकं) आणि घासलेल्या पिनेने ती खाल्लेली आहे, कितीही धुतली तरी उपयोग नाही, सोडून द्या.

स्पिरिट लावू नका! या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एका पुसण्यात तबकडी जाते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं आणि सावलीत उभी करून वाळवायची. वाजवताना एलपीची सुई चालत नाही, ती खाचेच्या तळाशी जाऊन घासते आणि नुसती खरखर येते, ७८ साठी (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्यांसाठी) तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई मिळते ती घ्या. स्पीड नेमका ७८ असेलच असं धरू नका, गिटार हाताशी ठेवून सूर जुळवून बघा.

कायद्याचं थोडं. भारतात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे ही रेकॉर्डिंग्ज इथे केव्हाच मोकळी झाली. अमेरिकेत मात्र १९२९ साली प्रकाशित झालेल्या रेकॉर्ड्स १ जानेवारी २०३० ला मोकळ्या होतील, १९३० च्या त्यापुढच्या वर्षी. आणि गाण्याचा हक्क वेगळा असतो. रॉजर्सची मेव्हणी एल्सी मॅकविल्यम्स हिने त्याची बरीच गाणी लिहिली, ती १९८५ मध्ये वारली, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरतात. तेव्हा घरी ऐकायला, अभ्यासाला काही अडत नाही, पण जगभर अपलोड करायचं असेल तर आधी बघून घ्या.

फाइल सेव्ह करताना नुसतं गाण्याचं नाव देऊ नका. तारीख, गाव, स्टील वाजवणारा, मेट्रिक्स, टेक आणि ज्या तबकडीवरून घेतलं तिचा लेबल-नंबर, या क्रमाने नाव द्या. आवाज साफ न केलेली मूळ फाइल वेगळी ठेवा. नॉइज रिडक्शन जास्त झालं की आधी जाते ती स्टीलची वरची थरथर, आणि ती एकदा गेली की परत आणता येत नाही.