कॉलेज लायब्ररीचा सर्च मुलांना खरंच जमतो का, हे कसं तपासायचं

लायब्ररीचं सॉफ्टवेअर कोहा असो की सोल, ओपॅक म्हणजे पुस्तकं शोधायचा ऑनलाइन कॅटलॉग सुरू केला की आपल्याला वाटतं काम झालं. पण मुलं एकदा शोधतात, काही मिळत नाही, मग सरळ काउंटरवर येऊन विचारतात, नाहीतर निघून जातात, आणि निघून गेलेली मुलं आपल्याला कळतच नाहीत. म्हणून ही टेस्ट कराच, एका दुपारचं काम आहे, खर्च शून्य.

स्टेप १. पाच मुलं घ्या. पाचच का, तर वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत हे तपासणाऱ्या जेकब नील्सनने २००० साली मांडलं होतं की पाच जणांत बहुतेक अडचणी समोर येतात. फक्त रोज लायब्ररीत बसणारी घेऊ नका, एफवायचा नवा मुलगा हवाच.

स्टेप २. काम त्यांच्या भाषेत द्या. "ऑथर सर्च करा" असं लिहिलंत तर उत्तर तुम्हीच सांगून टाकलंत. त्याऐवजी लिहा, "उद्या प्रेझेंटेशन आहे, शेतकऱ्यांच्या कर्जावर मराठी पुस्तक हवंय, रॅकवरून काढून आणा." रॅकपर्यंत पाठवणं महत्त्वाचं, कारण स्क्रीनवर ८९१.४६३ असा कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा आकडा, दिसला तरी ती मराठी कादंबरी-कथांची जागा आहे हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

स्टेप ३. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला "अरे वरचा ड्रॉपडाउन बघ ना" म्हणून गेलो आणि ती टेस्ट तिथेच वाया गेली. सुरुवातीलाच सांगा की परीक्षा तुझी नाही, सर्चची आहे.

स्टेप ४. त्यांनी टाइप केलेलं जसंच्या तसं लिहून घ्या, स्पेलिंग सुधारू नका. खरा माल इथेच आहे. कुणी 'पु ल' टाकतं, कुणी 'पुल देशपांडे', कुणी रोमनमध्ये, आणि आपल्या रेकॉर्डला असतं 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण'. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तर आहेच, आणि 'शेतकऱ्यांच्या' मधला ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, एकाहून जास्त प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सेम दिसतो पण सिस्टिमने ते प्रकार एकत्र केले नसतील तर सर्चसाठी तो वेगळाच शब्द, म्हणून पुस्तक कपाटात असूनही रिझल्ट शून्य. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. मला याचं फार वाईट वाटतं.

स्टेप ५. दुरुस्ती. जास्तीत जास्त मुलं जिथे अडली तिथून सुरू करा. मार्कच्या, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या ठरलेल्या साच्याच्या, २४६ नंबरच्या रकान्यात पुस्तकाच्या नावाचं दुसरं रूप टाका, ८८० मध्ये दुसऱ्या लिपीतली नोंद, लेखकाच्या नावाची इतर रूपं ऑथॉरिटी रेकॉर्डमध्ये, म्हणजे एका लेखकाची सगळी नावं जोडणाऱ्या नोंदीत. स्क्रीनवर 'कॉल नंबर' च्या शेजारी मजला आणि रॅक लिहा. 'नो रिझल्ट्स' च्या पानावर कोरा मेसेज नको, "स्पेलिंग बदलून बघा, लेखकाचं फक्त आडनाव टाका, किंवा काउंटरवर विचारा" एवढं तरी असू द्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच वाचकाचा वेळ वाचवा असा नियम सांगून ठेवलाय, तो याच पानाला लागू होतो.

स्टेप ६. महिन्याभराने पाच नवीन मुलं घेऊन तीच कामं परत द्या. जुनी नकोत, त्यांना आता रस्ता माहीत झालेला असतो.