युद्धेतिहासाचं पुस्तक अर्ध्यात सुटतं? या चुका टाळा

डिसेंबर जवळ आला की गोव्यात अनेकांना १९६१ विषयी, म्हणजे भारतीय सैन्याने पोर्तुगीजांकडून गोवा घेतला त्याविषयी, काहीतरी वाचावंसं वाटतं. पुस्तक घरी येतं, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात खूण घातली जाते आणि ती तिथेच राहते. वाचणारा आळशी असतो असं मला वाटत नाही. तो लढाई कादंबरीसारखी वाचतो, जमीन आणि पाणी बघतच नाही, आणि मग कोण कुठून आलं हे कळेनासं होतं.

आजच्या नकाशावर जुनी लढाई वाचणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. १८ डिसेंबर १९६१ च्या रात्री भारतीय सैन्य मांडवीच्या उत्तर काठावर बेतीला पोचलेलं होतं. समोर पणजीचे दिवे. मग सकाळपर्यंत थांबले कशाला? फोनवर नकाशा उघडलात तर हा प्रश्न पडणारच, कारण तिथे मांडवीवर एकाला लागून एक पूल दिसतात. तेव्हा एकही नव्हता. पलीकडे जायचा हुकूम १९ तारखेला सकाळी आला आणि शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तुकड्या नदी ओलांडून पणजीत शिरल्या. बाणस्तारी आणि बोरी इथले पूल पोर्तुगीजांनी माघार घेताना उडवले होते.

यावर साधा उपाय आहे. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने मांडवी, झुआरी, शापोरा काढा, आजचे सगळे पूल विसरा, आणि मगच प्रकरण वाचा. मुख्य हल्ला १७ इन्फन्ट्री डिव्हिजनचा होता आणि उत्तरेकडून येणाऱ्या ५० पॅरा ब्रिगेडला दुय्यम काम दिलेलं होतं, तरी पणजीत आधी पोचली ती ब्रिगेडच. तिचे प्रमुख ब्रिगेडियर सगत सिंग यांचं नाव का निघतं, ते असा कागद समोर असला की समजतं. १६८३ मध्ये संभाजीराजांच्या माणसांनी जुवे बेटावरचा किल्ला घेतला, त्या प्रसंगालाही हाच कागद चालेल. पाणी किती जवळ आहे ते बघायचं असेल तर एका रविवारी सरळ तिथे जाऊन या.

दोन साष्टी एकच समजणं

मराठे-पोर्तुगीज युद्धाच्या पुस्तकात 'मराठ्यांनी साष्टी घेतली' असं वाक्य आलं की मडगावचा वाचक खूश होतो. पण १७३७ मध्ये घेतलेली साष्टी ठाण्याकडची. आपल्या गोव्यातल्या साष्टीत मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे उतरले ते १७३९ च्या जानेवारीत, त्याच युद्धात. चिमाजी अप्पा तेव्हा उत्तरेत वसईच्या मोहिमेवर होते. त्यामुळे साष्टी दिसली की आजूबाजूची गावं बघा. ठाणे, वांद्रे असेल तर वरची, मडगाव किंवा राशोल असेल तर आपली.

तारीख जुळली नाही की लेखकाला खोटं ठरवणं

सतराव्या शतकातल्या एकाच घटनेच्या दोन पुस्तकांत दहा दिवसांच्या फरकाने दोन तारखा सापडतात. पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच नवी दिनदर्शिका घेतली, इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच वापरत राहिले. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे त्यांच्या पत्रातला '१६८३ चा जानेवारी' आपल्या हिशेबाने १६८४ चा. लेखकाने कुठली पद्धत धरली आहे ते बहुतेक प्रस्तावनेत असतं. प्रस्तावना आपण वाचत नाही, ती गोष्ट वेगळी.

तुकड्यांची नावं पाठ करत बसणं

गरज नाही. डिव्हिजनमध्ये ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये बटालियन, बटालियनमध्ये कंपनी, एवढं पुरतं. नावापुढचा आकडा केवळ ओळखीचा, १७ म्हटलं म्हणून सतरा डिव्हिजन तिथे नव्हत्या.

एकाच बाजूचं वाचून थांबणं

आपल्या पुस्तकात गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा शरण येतो आणि प्रकरण संपतं. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने त्याला कळवलं होतं. तसं न लढता शरण गेल्याची शिक्षा त्याला मायदेशी भोगावी लागली, सैन्यातून काढलं गेलं, आणि १९७४ च्या पोर्तुगालमधल्या क्रांतीनंतरच त्याची बाजू सावरली गेली. हे वाचल्यावर आधीचं शरणागतीचं पान पुन्हा उघडावंसं वाटतं.

आणि वाचनालयात पुस्तक मागताना गोव्याच्या मोहिमेचं नाव, नुसतं 'ऑपरेशन विजय', सांगू नका. १९९९ च्या कारगिल मोहिमेचंही नाव तेच, तुमच्या हातात कारगिलमधल्या टोलोलिंग शिखराच्या लढाईचं पुस्तक ठेवतील. सोबत १९६१ सांगा.